जुन्या स्की बोटीचे स्पेअर: डब्यात काय, शेल्फवर काय आणि फक्त फोनमध्ये काय

(या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेलं थोडं इकडचं तिकडचं काढलंय, बाकी जसंच्या तसं.)



मागच्या महिन्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. मूळचा सांगलीचा, सध्या नोकरीनिमित्त अमेरिकेत, मिशिगनला. म्हणाला, "दादा, १९८७ ची इनबोर्ड स्की बोट मिळतेय. इंजिन चालू आहे. घेऊ का नको ते विचारत नाही, घेणारच आहे. फक्त एवढं सांगा, कोणते स्पेअर पार्ट आधी आणून ठेवू?"

मला प्रश्न आवडला. कारण बहुतेक लोक हा प्रश्न जुलैमध्ये विचारतात, बोट तलावाच्या मधोमध बंद पडल्यावर. हा गडी आधी विचारतोय. म्हणून आजचा अख्खा भाग यावरच.

मी मिनेसोटात राहतो. तीन मराठी घरांनी मिळून आम्ही १९८६ ची एक स्की नॉटिक घेतलीय. गेले आठ उन्हाळे ती चालवतोय आणि तिची बहुतेक कामं आम्हीच करतो. त्यामुळे जे सांगणार आहे ते हात काळे करून शिकलेलं आहे.

आधी बोट समजून घेऊ

ज्यांनी अशी बोट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. मालवणला, तारकर्लीला किंवा गोव्यात तुम्ही वॉटर स्पोर्टच्या ज्या बोटी पाहता, त्यातल्या बहुतेकांचं इंजिन मागे बाहेर टांगलेलं असतं. ते आउटबोर्ड. स्की बोटीचं तसं नाही. तिचं इंजिन बोटीच्या मधोमध एका पेटीखाली असतं. मोटारीचंच व्ही-८ इंजिन, पाण्यावर चालण्यासाठी बदललेलं. आमच्यात फोर्डचं ३५१ आहे, म्हणजे ५.८ लिटर. त्याच्या मागे गिअरबॉक्स, तिथून एक सरळ शाफ्ट बोटीच्या तळातून बाहेर जातो आणि टोकाला पंखा. वजन मधोमध असल्यामुळे मागे उठणारी लाट लहान राहते आणि बोट सरळ रेषेत धावते. स्कीवर उभ्या असलेल्या माणसाला हेच हवं असतं.

आणि हा खेळ इथलाच बरं का! १९२२ मध्ये मिनेसोटातल्या लेक पेपिनवर राल्फ सॅम्युअलसन नावाचा १८ वर्षांचा मुलगा लाकडी फळ्या पायाला बांधून बोटीमागे उभा राहिला. वॉटर स्कीइंगची सुरुवात तिथून मोजतात.

आता मुख्य अडचण. इथे बोटीचा सीझन म्हणजे मे अखेरच्या सुट्टीपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत. धरून चाला शंभर दिवस. त्यातले शनिवार-रविवार किती? तीसच्या आसपास. त्यातले पावसाचे काढा. जुलैमध्ये एखादा पार्ट गेला, तो यायला दहा दिवस लागले आणि मेकॅनिकची पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली, तर उन्हाळा गेला म्हणून समजा. जुन्या बोटीचे पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाहीत. मागवावे लागतात.

पण म्हणून दिसेल तो पार्ट घेऊन गॅरेज भरायचं का? नाही. पैसेही जातात आणि वेळेला हवा तो पार्ट नेमका नसतोच.

तीन प्रश्न

प्रत्येक पार्टसाठी मी तीन प्रश्न विचारतो.

एक, हा गेला तर मी स्वतःच्या जोरावर किनाऱ्यावर परत येऊ शकतो का?

दोन, हा मला पाण्यावर, हलत्या बोटीत, सोबतच्या चार पान्यांनी अर्ध्या तासात बदलता येईल का?

तीन, हा सीझनमध्ये मागवला तर किती दिवसांत येईल?

परत येता येत नाही, पण पाण्यावर बदलता येतो, असा पार्ट बोटीतल्या डब्यात. पाण्यावर बदलता येत नाही, पण घरी एका संध्याकाळी बदलता येतो आणि मागवायला वेळ लागतो, असा पार्ट गॅरेजच्या शेल्फवर. आणि जो सहसा जात नाही, महाग आहे, किंवा बदलायला बोट उचलावी लागते, तो घ्यायचा नाही. त्याचा फक्त नंबर आणि फोटो फोनमध्ये ठेवायचा.

डबा, शेल्फ, फोन. एवढं लक्षात राहिलं तरी आजचा भाग वसूल.

डबा: पहिला मान इम्पेलरचा

डब्यात सगळ्यात आधी काय? इम्पेलर. दुसरं काही घेतलं नाही तरी हा घ्याच.

ही बोट तलावाचंच पाणी ओढून इंजिन थंड करते. पाणी ओढणाऱ्या पंपात रबराचं एक पाती-पातीचं चाक असतं, तळहातात मावेल एवढं. तेच इम्पेलर. पाणी वंगणाचंही काम करतं. पाणी नसताना पंप फिरला, की रबर घासून काही सेकंदांतच खराब व्हायला लागतं. वाळू ओढली गेली तरी झिजतं. आणि काहीच नाही झालं तरी रबर वयाने कडक होतं.

इम्पेलर गेलं की तापमानाचा काटा चढतो. आमच्या बोटीत तो १६० फॅरनहाइटच्या आसपास असतो, म्हणजे साधारण ७० सेल्सिअस. तो वर सरकायला लागला की थ्रॉटल खाली, इंजिन बंद. "किनारा जवळच आहे, जाऊ की" हे इथे चालत नाही. कारण तेच पाणी पुढे एक्झॉस्टमध्ये जाऊन रबरी पाइप थंड ठेवत असतं. पाणी थांबलं की ते पाइप जळतात. इंजिन तर जातंच, वर बोटीच्या मागच्या बाजूने पाणी आत यायला वाट होते.

बदलताना तीन गोष्टी. पहिली, जुन्याची पाती मोजा. दोन पाती कमी असतील तर ती पुढे पाण्याच्या वाटेत कुठेतरी अडकलेली असतात, अनेकदा थर्मोस्टॅटच्या घरात. ती शोधून काढली नाहीत तर नवा इम्पेलर बसवूनही इंजिन तापणार आणि तुम्ही म्हणणार, "नवा घातला तरी तेच!" दुसरी, बसवताना ग्रीस लावू नका, भांड्याचा साबण लावा. तेलकट ग्रीसने रबर फुगू शकतं. तिसरी, पंपाच्या झाकणाचं पॅकिंगही डब्यात हवं. कागदाएवढा पातळ तुकडा, पण तो फाटला की पंप हवा ओढतो.

आणि एक पद्धत सांगतो, जी मला सगळ्यात उपयोगी वाटते. दर वसंतात नवीन इम्पेलर मागवायचा. पण नवीन पंपात नाही घालायचा. डब्यातला पंपात, नवा डब्यात. म्हणजे डब्यातला स्पेअर कधीच एका वर्षापेक्षा जुना होत नाही. दहा वर्षं डब्यात कडक होऊन पडलेलं रबर नावालाच स्पेअर!

डब्यातलं बाकीचं

बेल्ट. जितके बेल्ट तितके स्पेअर. काही इंजिनांत पाण्याचा पंप बेल्टवर चालतो, काहींत तो थेट क्रँकच्या पुढे बसवलेला असतो. तुमचा कसा आहे ते आधी बघा. बेल्टवरचा असेल तर बेल्ट तुटला म्हणजे थंडावा गेला.

इग्निशन. जुनी पॉइंटवाली सिस्टिम असेल तर पॉइंट, कंडेन्सर, रोटर, डिस्ट्रिब्युटर कॅप आणि एक फीलर गेज. ज्यांच्या घरी पद्मिनी किंवा अँबॅसिडर होती त्यांच्या वडिलांना विचारा, ते झोपेतसुद्धा पॉइंटचा गॅप सेट करतील. कोणी इलेक्ट्रॉनिक किट बसवलं असेल तर फारच छान, ते वर्षानुवर्षं चालतं. पण ते जातं तेव्हा न सांगता जातं. म्हणून काढलेले पॉइंट आणि त्यांची प्लेट फेकू नका. पिशवीत घालून डब्यात टाका. कॉइलही एक जादा ठेवा.

पेट्रोल फिल्टर. इथल्या पंपांवर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, जुन्या टाकीतला कचरा सोडवतं, आणि सगळं फिल्टरला येऊन अडकतं. बोट हळू चालते पण वेग वाढवला की गुदमरते, असं झालं तर पहिला संशय फिल्टरवर. पण फिल्टर शक्यतो धक्क्याला लागून, इंजिन गार झाल्यावर बदला. सांडलेलं पेट्रोल लगेच पुसा आणि ते फडकं बोटीत ठेवू नका.

ड्रेन प्लग. बोटीच्या तळाचा बूच. दोन ठेवा, एक चावीच्या जुडग्यात आणि एक डब्यात. हसू नका! बूच न लावता रॅम्पवरून पाण्यात उतरलेली बोट मी दर उन्हाळ्यात एकदा तरी बघतो.

मग किरकोळ: स्टेनलेसच्या पाइप क्लिपा, फ्यूज, थोडी वायर, इन्शुलेशन टेप, दोन-चार स्पार्क प्लग, एक लिटर इंजिन ऑइल आणि गिअरबॉक्सचं ऑइल. अवजारांत नेमके तेच पाने घ्या जे या इंजिनाला लागतात. पंपाच्या झाकणाच्या स्क्रूला लागणारा स्क्रू ड्रायव्हर डब्यात नसेल तर इम्पेलर असून काय उपयोग? डोक्याला बांधायची बॅटरीही हवी, कारण पेटीखाली भर दुपारी अंधार असतो.

इंजिन बंद पडलं की कामाचा क्रमही सांगतो. आधी पाण्यातल्या माणसाला बोटीत घ्या. मग नांगर टाका. मगच पेटी उघडा. वाऱ्याने बोट खडकांकडे सरकत असताना कोणाचं लक्ष स्क्रूवर राहील? त्यामुळे नांगर, दोरी आणि एक वल्हं हे सगळ्यात पहिले स्पेअर आहेत.

शेल्फ: घरी ठेवायचे पार्ट

आता गॅरेजचं शेल्फ. इथे पहिला नंबर पंख्याचा.

तळाखालचा पंखा एका दगडाला किंवा बुडक्या ओंडक्याला लागला की पातं वाकतं. बोट थरथरायला लागते. तसंच चालवत राहिलं तर शाफ्ट आणि त्याची बेअरिंग मार खातात. वाकलेला पंखा दुरुस्त होतो, पण पाठवून परत यायला वेळ लागतो. म्हणून दुसरा पंखा हवाच. आधीचा जुना पंखा दुरुस्त करून ठेवला तरी चालेल.

पण पंख्याबरोबर पुलर घ्या. पंखा शाफ्टच्या निमुळत्या भागावर घट्ट बसलेला असतो, मध्ये एक छोटी चावी असते. हातोडी मारून काढायचा प्रयत्न केला तर शाफ्ट वाकेल. पुलर लावताना नट पूर्ण काढू नका, दोन-चार आटे ठेवा. पंखा सुटतो तेव्हा धाडकन सुटतो, नट असला की पायावर पडत नाही. नवा नट, ती चावी आणि कॉटर पिन हेही पंख्याच्याच पिशवीत.

दुसरा नंबर ग्लॅंड डोरीचा. हे ऐकून गावाकडची मंडळी खूश होतील. शेतावरच्या पंपाला जी डोरी घालतात, तिचीच भावंडं. शाफ्ट तळातून बाहेर जातो तिथे पाणी आत येऊ नये म्हणून डोरीच्या कड्या कोंबून नटाने दाबलेल्या असतात. शाफ्ट फिरताना मिनिटाला काही थेंब पडायला हवेत, कारण त्यानेच डोरी थंड राहते. उभ्या बोटीत मात्र थेंब जवळपास थांबायला हवा. नट आवळूनही थांबत नसेल तर डोरी बदला. जाडी नेमकी मोजून घ्या, कड्या तिरक्या कापा आणि एका कडीचा जोड दुसरीच्या जोडावर येऊ देऊ नका. सुकाणूच्या दांड्यालाही अशीच डोरी असते, ती सगळे विसरतात.

याच्याच जोडीला बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या पोटातलं पाणी बाहेर फेकणारा छोटा पंप, आणि त्याचा फ्लोट स्विच. गळकी डोरी एकटी बोट बुडवत नाही. बंद पडलेला बिल्ज पंपही एकटा बुडवत नाही. दोन्ही एकाच रात्री जमले की सकाळी धक्क्याला फक्त दोरी दिसते. हा पंप स्वस्त आहे, घेऊन ठेवा.

तिसरा नंबर स्टार्टर आणि त्याचा सोलेनॉइड. सोलेनॉइड छोटा आणि स्वस्त, तो तर घ्याच. स्टार्टर महाग असला तरी तो गेला की बोट धक्का मारून सुरू होत नाही! एक सूचना: किल्ली फिरवल्यावर काहीच आवाज आला नाही तर लगेच स्टार्टरला दोष देऊ नका. गिअरच्या दांड्याशी किंवा गिअरबॉक्सवर न्यूट्रलचा एक स्विच असतो. दांडा थोडा मागेपुढे हलवून परत न्यूट्रलला आणा. पुष्कळदा तेवढ्यावर काम होतं. मग बॅटरीची टोकं घासून बघा.

चौथा, पेट्रोल पंप आणि कार्बोरेटरचं किट. पाचवा, थर्मोस्टॅट आणि त्याचं पॅकिंग. आणि सहावा पार्ट बोटीचा नाहीच, ट्रेलरचा आहे. चाकाच्या बेअरिंगचा पूर्ण सेट, सील आणि ग्रीस, शिवाय एक जादा चाक. हायवेवर तापलेलं हब थंड पाण्यात बुडतं तेव्हा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं आणि ग्रीसची वाट लागते. रस्त्याच्या कडेला बोटीसकट उभे असलेले लोक पाहिलेत ना? बहुतेकांचं दुखणं टायर किंवा बेअरिंग हेच असतं. बेअरिंग आणि चाक मात्र शेल्फवर नाही, ट्रेलर ओढणाऱ्या गाडीत ठेवा.

"मोटारीचाच तर आहे, काय फरक पडतो?"

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. इथे नीट ऐका.

इंजिन मोटारीचं आहे म्हटल्यावर साहजिक वाटतं की स्टार्टर, ऑल्टरनेटर, पेट्रोल पंप मोटारीच्या दुकानातून आणावा. तसाच दिसतो, तसाच बसतो, किंमत निम्मी. काही गोष्टींना ते चालतं. ऑइल फिल्टर आणि स्पार्क प्लग नंबर जुळवून मोटारीच्या दुकानातून आणा, काही बिघडत नाही. पण स्टार्टर, ऑल्टरनेटर, डिस्ट्रिब्युटर, सोलेनॉइड, पेट्रोल पंप आणि कार्बोरेटर मरीनचेच हवेत.

का? मोटारीचं इंजिन खालून उघडं असतं. पेट्रोलची वाफ झाली तर खाली रस्त्यावर जाते, वाऱ्याने उडते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. बोटीत इंजिनाखाली रस्ता नाही, बंद तळ आहे. वाफ तिथे वाटीत पाणी साचावं तशी साचते. आणि स्टार्टरमध्ये, ऑल्टरनेटरमध्ये चालताना बारीक ठिणग्या पडतातच. मरीनचे पार्ट असे बनवलेले असतात की आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवू शकत नाही. अमेरिकेत पेट्रोल इंजिनाच्या बोटींसाठी कोस्ट गार्डचा तसा नियमच आहे. पार्टवर किंवा त्याच्या माहितीत "इग्निशन प्रोटेक्टेड" किंवा "एसएई जे ११७१" असं लिहिलेलं शोधा.

पेट्रोल पंपाचंही तसंच. मरीनच्या मेकॅनिकल पंपात पडदे दोन असतात आणि मधून एक पारदर्शक नळी कार्बोरेटरकडे जाते. एक पडदा फाटला तर पेट्रोल बोटीच्या तळात न सांडता त्या नळीत येतं. नळीत पेट्रोल दिसलं की समजायचं, पंप बदलायची वेळ झाली. मोटारीच्या पंपाचा पडदा फाटला तर पेट्रोल थेट खाली. कार्बोरेटरचंही तेच. मरीनचा ओव्हरफ्लो झाला तर पेट्रोल इंजिनाच्या घशात जातं, बाहेर नाही.

एकदा एका ओळखीच्या कुटुंबाने नुकतीच घेतलेली बोट बघायला मला बोलावलं. सुंदर बोट, नवी गादी, चकचकीत रंग. पेटी उघडली तर ऑल्टरनेटर मोटारीचा. कडेला जाळी नाही, मरीनची खूण नाही. मालक म्हणाले, "अहो, विकणारा सांगत होता तीन वर्षं याच्यावरच चालवतोय, काही झालं नाही." मी म्हटलं, "दादा, वाफ साचली नाही म्हणून झालं नाही. ज्या दिवशी एखादा पाइप झिरपेल त्या दिवशी हाच ऑल्टरनेटर काडी ओढेल." मागे त्यांच्या दोन मुली लाइफ जॅकेट घालून बसल्या होत्या. त्यांनी त्या दिवशी बोट पाण्यात घातली नाही. आठवड्याने मरीनचा ऑल्टरनेटर आला, मग घातली. त्या एका आठवड्याच्या जागी शेल्फवर मरीनचा पार्ट असता तर थांबावंही लागलं नसतं.

म्हणून जुनी बोट घेतली की पहिल्याच दिवशी हे सहा पार्ट तपासा. स्पेअर घेण्याआधी, बसवलेला पार्ट बरोबर आहे ना ते बघा. आणि कितीही चांगले पार्ट असले तरी इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर. ब्लोअर म्हणजे इंजिनाच्या पेटीतली हवा बाहेर फेकणारा पंखा. शिवाय पेटी उघडून नाकाने वास घ्या. नाकाइतका स्वस्त सेन्सर नाही. वास आला तर किल्लीला हात लावू नका. आणि अग्निशामक नळकांडं हाताशी हवं, गाद्यांच्या ढिगाखाली नको.

उलटं फिरणारं इंजिन

अजून एक गंमत, जी फक्त या बोटींत सापडते. जुन्या स्की बोटींमध्ये काही इंजिनं सुलट फिरतात आणि काही उलट. बाहेरून दोन्ही सारखीच. उलट फिरणाऱ्या इंजिनाला स्टार्टरही उलट फिरणारा लागतो. फायरिंग ऑर्डरही उलटते. फोर्ड ३५१ ची सुलट ऑर्डर १-३-७-२-६-५-४-८. तीच उलट इंजिनात १-८-४-५-६-२-७-३. पंख्याचंही डावं-उजवं असतं. चुकीचा पंखा लावला तर पुढचा गिअर टाकल्यावर बोट मागे जायला बघेल.

म्हणजे कोणी म्हणालं, "माझ्याकडे पण ३५१ च आहे, माझा स्टार्टर घेऊन जा," तर आधी फिरण्याची दिशा विचारा. इंजिनावरच्या प्लेटवर ती लिहिलेली असते. प्लेट गेली असेल तर कोणीतरी किल्ली क्षणभर फिरवावी आणि तुम्ही लांबून, हात आणि कपडे सांभाळून, पुली कुठल्या बाजूला फिरते ते बघावं.

फोन: जे विकत घ्यायचं नाही

गिअरबॉक्स, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, शाफ्ट, गिअरबॉक्स आणि इंजिनामधली डँपर प्लेट, स्टिअरिंगची केबल. हे पार्ट जातात, पण जाण्याआधी बहुधा सांगतात. डँपर प्लेट न्यूट्रलमध्ये खडखडते. केबल जड होते. मॅनिफोल्डवर गंजाचे ओघळ दिसतात. त्यामुळे हे आधी घेऊन ठेवण्यात अर्थ नाही. पण जेव्हा लागेल तेव्हा नेमका नंबर हवा.

फोनमध्ये एक अल्बम करा, "बोट" नावाचा. त्यात इंजिनाची प्लेट, गिअरबॉक्सची प्लेट, पाण्याच्या पंपावरचा नंबर, डिस्ट्रिब्युटरवरचा नंबर, पंख्याच्या मध्यावर कोरलेले आकडे, केबलवर छापलेला नंबर आणि लांबी. बोटीचा हल नंबर मागच्या उजव्या कोपऱ्यात असतो, तोही. डिस्ट्रिब्युटरच्या वायरी काढण्याआधी एक फोटो. तळ्याकाठी नेटवर्क नसतं, म्हणून फोटो फोनमध्येच ठेवा, फक्त क्लाउडवर नको.

जुन्या बोटीत एक भानगड असते. चाळीस वर्षांत चार मालकांनी काय काय बदललंय कोणास ठाऊक. मॅन्युअलमध्ये एक पंप लिहिलेला असतो आणि बसवलेला दुसराच. म्हणून वर्षावरून पार्ट मागवू नका, प्लेटवरच्या नंबरावरून मागवा.

बसवून बघितलेला स्पेअर

शेवटचा मुद्दा. पिशवीतला पार्ट म्हणजे स्पेअर नाही. बसवून बघितलेला पार्ट म्हणजे स्पेअर.

एप्रिलमध्ये, बर्फ वितळायच्या सुमारास, बोट गॅरेजमध्ये असतानाच एक दिवस काढा. स्पेअर स्टार्टर बसवा, तो नुसता फिरतो का तेवढं बघा. कॉइल लावून बघा. पंख्याची चावी शाफ्टच्या खाचेत बसते का बघा. इम्पेलर एकदा फक्त डब्यातल्या अवजारांनी बदला आणि घड्याळ लावा. इंजिन सुरू करायचं असेल तर आधी पाण्याचा पाइप जोडा, नाहीतर नव्या इम्पेलरची तिथेच राख. जे बसलं त्याच्या पिशवीवर तारीख आणि "बसतो" असं लिहा. जे बसलं नाही ते परत पाठवायला अजून वेळ असतो. जुलैमध्ये नसतो.

शरद ऋतूत बोट बंद करताना इंजिनातलं पाणी पूर्ण काढायचं, नाहीतर बर्फ होऊन ब्लॉक फुटतो. त्या वेळी निघणारे छोटे पितळी प्लग एका पिशवीत, आणि त्याच पिशवीत एक-दोन जादा. हे प्लग इकडे तिकडे झाले की वसंतात अख्खं काम अडतं.

तर सांगलीकर, तुझ्यासाठी थोडक्यात. पहिल्या महिन्यात इम्पेलर आणि पॅकिंग, बेल्ट, इग्निशनचा सेट, फिल्टर, बूच आणि नेमकी अवजारं. दुसऱ्या महिन्यात बिल्ज पंप, सोलेनॉइड, डोरी आणि ट्रेलरची बेअरिंग. पंखा आणि स्टार्टर मिळतील तसे, पण दिशा आणि शाफ्टची जाडी बघून. आणि या सगळ्याच्या आधी, बोट घरी आणलीस त्याच संध्याकाळी, पेटी उघडून ते सहा पार्ट मरीनचे आहेत का ते बघ. एक जरी मोटारीचा निघाला तर तो बदलेपर्यंत कोणालाही बोटीत बसवू नकोस. स्वतःही बसू नकोस.

बाकी ज्यांच्याकडे बोट नाही पण जुनी आरएक्स, जुनी बुलेट किंवा आजोबांची जीप आहे, त्यांनी हेच तीन प्रश्न आपल्या गाडीला विचारा. तुमच्या डब्यात काय निघालं ते व्हॉइस मेसेजने नक्की पाठवा. निवडक मेसेज पुढच्या भागात ऐकवू.

तोपर्यंत लाइफ जॅकेटचे पट्टे आवळा, ब्लोअर लावा आणि मजेत राहा. भेटू पुढच्या भागात!